जपानमधली सपाट मॅरेथॉन: कुठली घ्यावी, तयारी कशी करावी?

पेडररोडचा_बळी | ६ जुलै

मंडळी, वय ४८, मुक्काम सहकारनगर, पुणे. मुंबई मॅरेथॉन दोनदा केली. एकदा ५:११, एकदा ४:५२. दोन्ही वेळा वाट एकाच ठिकाणी लागली, ते ठिकाण माझ्या नावातच आहे. तिथवर बरा येतो, समोर चढ दिसतो आणि पाय म्हणतात, तुम्ही व्हा पुढे. त्यात जानेवारी असूनही घामाच्या धारा.

एकदा तरी साडेचार तासांच्या आत यायचंय. म्हणून थंड हवा आणि सपाट रस्ता शोधतोय. बायकोला जपान बघायचंय, मला पळायचंय, एका तिकिटात दोन्ही उरकू असा बेत आहे. टोकियो मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी लॉटरी काढतात, तिच्यात नाव टाकणारच, पण ती लागल्याचं ऐकिवात कमी. मग दुसरी कुठली? सपाट म्हणजे खरंच किती सपाट? आणि तळजाईच्या टेकडीवर पळणाऱ्या माणसाने सपाटीची तयारी करायची कशी? शाकाहारी आहे, अंडं चालतं.

गुडघेदुखी | ६ जुलै

सपाट पळायला जपान कशाला? नागपूर आहे की. संत्री पण मिळतात.

वऱ्हाडी_ठेचा | ६ जुलै

@गुडघेदुखी, मे महिन्यात या. सपाटी दाखवतो.

आकडेमोड्या | ६ जुलै

सपाट आणि थंड या दोन गोष्टींसाठी जपान वाईट नाही. मॅरेथॉन २ तास १० मिनिटांच्या आत पहिल्यांदा पळाली गेली ती फुकुओकात, १९६७ साली, डेरेक क्लेटन, २:०९:३६. केंगो सुझुकीने २०२१ मध्ये २:०४:५६ चा जपानी विक्रम केला तो बिवा सरोवराच्या काठी. बिवाची ती शर्यत पुढे ओसाका मॅरेथॉनमध्ये विलीन झाली. बेप्पू-ओइता तर समुद्रालगत चटईसारखी पसरलेली आहे, पण तिथे ३:३० च्या आत पळाल्याचा दाखला लागतो. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी टीव्हीवर.

टेकडीवाला | ७ जुलै

बळीभाऊ, टोकियो दोनदा पळालोय, म्हणून लिहितो.

टोकियो सपाट आहे, पण सुरुवात शिंजुकूहून होते आणि पहिले पाच-सहा किलोमीटर उतार आहे. हा उतार फार गोड बोलतो. हवा गार, बाजूला गर्दीचा गजर. घड्याळात बघाल तर किलोमीटरला ६:२० मिनिटांऐवजी ५:५०, आणि छाती म्हणते मला काहीच होत नाहीये. पहिल्या वेळी मी असाच फसलो. उधारी ३१व्या किलोमीटरला वसूल झाली. साडेचार तास म्हणजे ६:२४ चा वेग. उतारावरसुद्धा ६:२० च्या खाली जायचं नाही, हे हातावर पेनने लिहून घ्या.

आता तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा. सपाट म्हणजे सोपं, हा समज काढून टाका. टेकडीवर चढताना मांडीचा मागचा भाग नि पार्श्वभाग राबतो, उतरताना पुढची मांडी. कामाची पाळी बदलते. सपाटीवर पाळीच नाही. मिनिटाला १७० पावलं धरा, साडेचार तासांत ४५,००० च्या वर पावलं होतात, आणि प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाची झेरॉक्स. त्याच पोटऱ्या, तोच कंबरेचा सांधा. टेकडीने तुमचा दम तयार झालाय, पण या एकसुरीपणाची पायांना सवय नाही. ती सवय सपाटीवरच लागते.

पेडररोडचा_बळी | ७ जुलै

पुण्यात सपाट रस्ता कुठे दाखवता?

कोथरूडकर | ७ जुलै

बालेवाडीच्या ट्रॅकवर ७५ चकरा. मोजायला मुलाला बसवा, त्याचे पाढे पक्के होतील.

टेकडीवाला | ७ जुलै

महिन्यातून एकदा पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठा. नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी, पाच वेळा जाऊन-येऊन ३० किलोमीटर भरतात. कंटाळा येईल, तोच हवाय. पाचव्या फेरीत तोच कठडा, तेच कबुतरांना दाणे टाकणारे आजोबा. त्यात शेवटचे १२ किलोमीटर ६:२४ ने. हे तीनदा जमलं तर साडेचार तुमच्या खिशात.

टेकडी मात्र सोडू नका. आठवड्यातून एकदा तळजाई ठेवाच.

निशिकासाईची_काकू | ८ जुलै

वाचनमात्र होते, पण टोकियो म्हटल्यावर राहवलं नाही. अकरा वर्षं इथे, एदोगावा वॉर्डात. आमच्याकडे मराठी माणूस इतका आहे की भाजीच्या दुकानात मेथी कुणी आधी उचलली यावरून मराठीत वाद होतात. योगेंद्र पुराणिक २०१९ साली वॉर्डाच्या सभेवर निवडून आले ते आमच्याच वॉर्डातून.

टोकियोच्या लॉटरीवर विसंबू नका. माझा नवरा सहा वर्षं नाव टाकतोय. दर वर्षी जी ईमेल येते ती इतक्या अदबीने नकार देते की आपणच दिलगिरी व्यक्त करावी.

दुसरा पर्याय सांगते. आराकावा नदीच्या काठाने इताबाशी सिटी मॅरेथॉन होते, मार्चच्या तिसऱ्या रविवारच्या आसपास. ना पूल चढायचा ना शहरात वळायचं. नदीच्या कडेने खाली जायचं, वळायचं, परत यायचं. मी याच नदीच्या आमच्या बाजूच्या काठावर रोज चालते. काठावर ठराविक अंतरावर फलक आहेत: समुद्रापासून अमुक किलोमीटर. पळणाऱ्याला घड्याळ लागत नाही.

पण नदीचा काठ म्हणजे आडोसा शून्य. वारा सुटला की सुटला. जाताना पाठीवर असेल तर खूश होऊ नका, येताना तोच छातीवर बसतो.

आकडेमोड्या | ८ जुलै

काकूंना +१. चढ-उताराचा आलेख सगळे बघतात, वाऱ्याचा कोण बघतो? समोरून वारा आला तर बहाद्दरी न करता एखाद्या रुंद पाठीच्या माणसामागे लपायचं. जपानी लोक शिस्तीत पळतात, लपायला सोपं जातं.

ढगाआडचा_चंद्र | ९ जुलै

त्सुकुबा पण बघा. नोव्हेंबरच्या शेवटी, विद्यापीठाच्या आवारातून सुटते, आकिहाबाराहून रेल्वेने पाऊण तास. सपाट, रस्ते रुंद, झाडांना लाल-पिवळा रंग चढलेला. वेळ सुधारायला म्हणून लोक जातात. ओसाकाही बरीच सपाट म्हणतात, पण शेवट किल्ल्याच्या बागेत आणि किल्ला उएमाचीच्या उंचवट्यावर. एकदा खाली उतरलात की वर येणं आलंच. क्योतो बायकोला दाखवा, पळू नका.

टेकडीवाला | ९ जुलै

त्सुकुबा चांगली, पण नोव्हेंबरची शर्यत म्हणजे लांब पल्ल्याचं पळणं ऑगस्ट-सप्टेंबरात. पुण्यात पावसात बूट तीन दिवस वाळत नाहीत आणि मुंबईत ऑक्टोबर जीव घेतो. फेब्रुवारी-मार्चची शर्यत धरली तर सगळा सराव आपल्या थंडीत होतो, आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असतेच. ती रमतगमत, सरावाची म्हणून पळा. पेडर रोडवर चाला. कुणी हसलं तर हसू दे.

मिरजेची_अपर्णा | १० जुलै

सगळे पुरुष पुरुषांच्याच शर्यती सांगताहेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी नागोया विमेन्स मॅरेथॉन असते. फक्त बायका, हजारोंनी. रस्ता सपाट, वेळ ७ तास, म्हणजे निम्मं चालूनही पूर्ण होते. आणि शेवटी पदक नाही, टिफनीचं पेंडंट! टक्सिडो घातलेले देखणे तरुण तबकात निळी डबी घेऊन उभे असतात. मी २०१८ ला केली. माझ्या लग्नात इतक्या अदबीने मला कुणी काही दिलं नव्हतं.

कोथरूडकर | १० जुलै

बळी, हा प्रतिसाद वहिनींच्या नजरेस पडू देऊ नका.

पेडररोडचा_बळी | १० जुलै

उशीर झाला. शेजारी बसून वाचतेय. आत्ताच विचारलं, "सात तास म्हणजे पर्वती किती वेळा?"

पर्वतीची_लेक | १० जुलै

नमस्कार. मी ती. नवीन आयडी काढलाय. अपर्णाताई, रोज पर्वती चढते, एकदा १० किलोमीटरच्या शर्यतीत पळालेय. जमेल का?

मिरजेची_अपर्णा | १० जुलै

आठ महिने आहेत. चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल, पहिल्या दिवसापासून असंच. दम लागल्यावर चालायचं नाही, लागायच्या आधी चालायचं. फोनवर सविस्तर बोलू, निरोप पाठवलाय.

गुडघेदुखी | ११ जुलै

धागा बळीभाऊंचा, मॅरेथॉन वहिनींची. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दोरीपलीकडचा | १२ जुलै

कुणी कानमोनबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे शेवटची वेळ संपली तरी माणूस मागून चालत येतो, कुणी ना कुणी पदक गळ्यात घालतंच. जपानमध्ये वाटेत दर काही किलोमीटरला फाटक असतं, त्याला कानमोन म्हणतात. प्रत्येकाची वेळ छापलेली. त्या क्षणी दोरी आडवी येते.

माझ्यासमोर आली. शर्यतीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती, शौचालयाच्या रांगेत बारा मिनिटं गेली. दोरी धरणारी बाई साठीची, हातात पांढरे सुती मोजे. मी चाळीस पावलांवर असताना तिने शिट्टी वाजवली, दोरी ताणली, आणि मी पोचेपर्यंत कमरेत वाकून माफी मागत होती. मी ओरडणार होतो. ती इतकी वाकलेली बघून मीही वाकलो. आम्ही दोघं एकमेकांची माफी मागत उभे. मग बस. बसमध्ये वीसेक माणसं, हीटर चालू, कुणाच्या तोंडून शब्द नाही. एका आजोबांनी मला पिशवीतून सुती मोज्यांचा कोरा जोड काढून दिला. अजून जपून ठेवलाय.

तर, वेळ बहुतेक ठिकाणी सुरुवातीची बंदूक वाजल्यापासून मोजतात, तुम्ही रेघ ओलांडल्यापासून नाही. टोकियोत मागच्या गटात असाल तर सात तासांतली वीस-पंचवीस मिनिटं उभ्या उभ्याच जातात.

आकडेमोड्या | १२ जुलै

उशिराबद्दल फार खंत करू नका. शिझो कानाकुरी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये उन्हाने बेजार होऊन वाटेतच थांबले आणि कुणाला न सांगता जपानला परतले. स्वीडनच्या कागदोपत्री बेपत्ता. १९६७ साली त्यांना परत बोलावून शेवटची रेघ ओलांडायला लावली. वेळ: ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस ५ तास ३२ मिनिटं २०.३ सेकंद. माणूस साधा नव्हता, हाकोने एकिदेन ही रिले शर्यत सुरू होण्यामागे तेच होते.

वऱ्हाडी_ठेचा | १२ जुलै

दशांश तीन सेकंद कुठे घालवले म्हणे?

ढगाआडचा_चंद्र | १३ जुलै

थंडीचं कुणी तरी बोला. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी पाच-सहा अंश असू शकतं, आणि सुरुवातीच्या रांगेत तासभर उभं राहायचं असतं. २०१९ ला टोकियोत दिवसभर गार पाऊस होता, सुगुरु ओसाकोसारख्या धावपटूने थंडीने कुडकुडत शर्यत सोडली. आपण पुण्यातून जुना स्वेटर नेतो आणि सुटताना रस्त्यात फेकतो, तसं तिथे चालत नाही. शंभर येनच्या दुकानातून प्लास्टिकचा रेनकोट घ्या, तो गुंडाळून स्वयंसेवकांच्या पिशवीत टाका. तिथेच दोरीवाल्या बाईंसारखे सुती मोजे मिळतात, त्यांना गुन्ते म्हणतात. कारखान्यातले लोक वापरतात. पळताना घाम, नाक, सगळ्याला उपयोगी. आणि काइरो, म्हणजे हातात धरायच्या गरम पुड्या.

निशिकासाईची_काकू | १३ जुलै

खाण्याचं मी सांगते. शाकाहारी माणसाची इथे फसगत मटणाने होत नाही, सुपाने होते. उडोन म्हणजे जाड शेवया, दिसायला पांढऱ्या शुभ्र, पण रस्सा माशाचा. शर्यतीच्या आदल्या रात्री प्रयोग नकोत. घरून दशम्या आणा, चार दिवस टिकतात. सकाळी केळं आणि भाताचा साधा, मीठ लावलेला ओनिगिरी.

वाटेत खायला योकान घ्या. लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड वडी असते, पुरणात चिकटपणा जास्त झाला तर जसं लागेल तसं. पळणाऱ्यांसाठी छोट्या पाकिटात मिळते, दाबली की वर येते. जेलपेक्षा पोटाला सोसते. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ली आणि विचारलं, "वेलची विसरलात का?"

आणि वेळेची एक गंमत. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे. टोकियो सुटते ९:१० ला, म्हणजे पुण्यातले ५:४०. तुमच्या अंगाला वाटेल तळजाईला निघालो. फक्त नाश्ता पुण्याच्या अडीच वाजता करावा लागेल, म्हणून तीन दिवस आधी या.

पर्वतीची_लेक | १३ जुलै

काकू, वेलचीची डबी आणते.

दोरीपलीकडचा | १४ जुलै

शौचालय: फिरती असतात ती बरीचशी बैठी, आपल्यासारखी. आधी गेलात तर आपण खूश. शर्यत संपल्यावर गेलात तर बसाल, उठणार कोण?

पेडररोडचा_बळी | ११ ऑक्टोबर

धागा वर काढतोय. टोकियोची लॉटरी लागली नाही. काकू म्हणाल्या तशीच ईमेल. इताबाशीत नाव घातलंय, सौ. नागोयाला. रविवारांमध्ये एका आठवड्याचं अंतर. काकू, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, जपानच्या पत्त्यावर आला तर तुमच्याकडे पाठवायला सांगू का?

निशिकासाईची_काकू | ११ ऑक्टोबर

सांगा. आणि जेवायलाही या, दोघं. वेलची तेवढी आठवणीने.

गुडघेदुखी | २२ जानेवारी

मुंबईत काय झालं? पेडर रोड?

पेडररोडचा_बळी | २२ जानेवारी

चाललो. एक माणूस हसला. ५:०४, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला.

पर्वतीची_लेक | १० मार्च

नागोया ६:२७! आयुष्यात पहिल्यांदा सगळीकडे बायकाच बायका आणि कुणाला घाई नाही. पस्तीसच्या पुढे एका आजींनी रस्त्याकडेला उभं राहून माझ्या हातात आंबट आलूबुखाराचं लोणचं दिलं, उमेबोशी. इतकं आंबट-खारट की झोपलेले पाय जागे झाले. डबी देणारा मुलगा खरंच टक्सिडोत होता. मी त्याला मराठीत "सुखी राहा" म्हटलं.

मिरजेची_अपर्णा | १० मार्च

रडवलंस गं. पेंडंटचा फोटो टाक.

पेडररोडचा_बळी | २१ मार्च

झाली. ४:३१:४८.

वृत्तांत थोडक्यात. उकिमा-फुनादो स्टेशनला उतरून माणसांच्या मागे चालत गेलो, वाट विचारावी लागली नाही. पहिले वीस किलोमीटर ६:२२ ने, इतके सुखाचे की टेकडीवाल्यांची मरीन ड्राइव्हची पाचवी फेरी आठवत होतो आणि हसत होतो. एका बाजूला नदी, दुसरीकडे स्कायट्री. मनोरा एक तास तिथेच, जरा डावीकडे सरकलाय असं वाटायचं. कंटाळा आला, पण ओळखीचा होता.

वळलो आणि काकूंचा वारा समोर. २८ पर्यंत निळ्या जाकिटातल्या एका गृहस्थांच्या मागे लपलो. त्यांच्या लक्षात आलं, मागे वळून मान लववली आणि थोडे मधोमध आले, मला नीट आडोसा मिळावा म्हणून! ३४ ला ते चालायला लागले. मी पुढे जाऊन त्यांना मागे यायची खूण केली, त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

त्यानंतर ६:४० च्या आसपास. शेवटच्या दोन किलोमीटरला हिशेब कळत होता, पाय ऐकत नव्हते. पण पोटऱ्या धरल्या नाहीत, अंगातलं बळ एकदम संपतं ती 'भिंत'ही आली नाही, फक्त वारा होता. काकू शेवटी थर्मासमध्ये चहा घेऊन उभ्या होत्या. वेलची घातलेला.

टेकडीवाला | २१ मार्च

दंडवत! वीस मिनिटं काढलीत. उरलेली १०८ सेकंदं कुठे गेली?

पेडररोडचा_बळी | २१ मार्च

तेच सांगायचं टाळत होतो. तिशीच्या पुढे एका ठिकाणी शर्बत देतात. गोठलेला, कपात. मी काकडलो होतो, नको म्हणणार होतो. पण देणारं पोरगं तेरा-चौदा वर्षांचं, दोन्ही हातांनी कप धरून उभं, आणि "गांबात्ते", म्हणजे "जोर लावा", असं ओरडलं की थांबलो. खाल्ला. मग त्याच्या शेजारची मुलगी हिरमुसलेली दिसली, म्हणून तिचाही घेतला.

वऱ्हाडी_ठेचा | २१ मार्च

चव कुठली होती?

पेडररोडचा_बळी | २१ मार्च

ओठ बधिर झाले होते. पहिला पिवळा होता, दुसरा पांढरा.